पिवळी चेक लाईट आणि मधातच बंद पडणारी पिकअप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीनंतर कापूस जिनिंगकडे निघाला की माझ्या दुकानासमोर सकाळपासून पिकअप लागतात. तक्रार जवळपास ठरलेली : "भाऊ, पिवळी लाईट लागून राह्यली आन् गाडी मधातच बंद पडते." मी ऑटो वायरिंगचं काम करतो. इंजिन खोलणारा मिस्त्री शेजारच्या शेडमध्ये बसतो. बरीचशी गिऱ्हाइकं आमच्या दोघांच्या मधात फेऱ्या मारत असतात. त्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून हे लिहून ठेवतो आहे. बहुतेक उत्तरं डिझेल कॉमन रेल गाड्यांची आहेत, म्हणजे ज्यांत जास्त प्रेशरच्या एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना (डिझेल फवारणाऱ्या नोझलना) डिझेल जातं, कारण आमच्याकडे मालाला त्याच जास्त. पेट्रोल आणि सीएनजीबद्दल पुढे एक वेगळं उत्तर आहे.

ही पिवळी लाईट नेमकं काय सांगते?

इंजिनचा कॉम्प्युटर, ज्याला आम्ही ईसीएम म्हणतो, सगळ्या सेन्सरचं वाचन सतत बघत असतो. एखादं वाचन त्याच्या हिशेबात बसलं नाही की तो एक कोड लिहून ठेवतो आणि मीटरमध्ये इंजिनच्या चित्राची लाईट लावतो. कोड म्हणजे पोलीस पाटलाने दिलेली खबर समजा. गडबड कोणत्या मोहल्ल्यात आहे ते कळतं, चोर कोण ते शोधायचं बाकी असतं. डिझेलचं प्रेशर कमी असल्याचा कोड आला म्हणजे पंप गेला असं होत नाही. तोच कोड चोक झालेल्या फिल्टरनेही येतो आणि टाकीपासून येणाऱ्या पाइपाला पडलेल्या बारीक भेगेनेही येतो.

चावी ऑन केल्यावर ही लाईट लागली आणि इंजिन सुरू झाल्यावर विझली, तर सगळं ठीक. लाल रंगाची ऑइलची किंवा टेंपरेचरची लाईट ही वेगळी गोष्ट आहे. ती लागली की तिथेच कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. "फाट्यावर जाऊन पाहू" म्हणणाऱ्यांची इंजिनं मी शेजारच्या शेडमध्ये उघडी पडलेली पाहतो.

लाईट लागते आणि गाडी बंद पडते, म्हणजे दोन्हीचं कारण एकच असणार ना?

असेलच असं नाही, आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो.

वरूडकडची एक गाडी संत्रा भरून नागपूरला कळमना यार्डात जायची. चेक लाईट महिनाभर लागलेली, स्कॅनरवर (कोड वाचायच्या यंत्रावर) ईजीआरचा, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवणाऱ्या झडपेचा कोड. दोन ठिकाणी ईजीआर साफ करून झाला. लाईट चार दिवस विझायची, पुन्हा लागायची, आणि गाडी बंद पडायचं काही थांबत नव्हतं. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, टाकी फुल केली की हमखास बंद पडते, अर्धी असली की जास्त चालते. मी टाकीचं झाकण उघडलं तर आत हवा ओढल्याचा 'सुस्स' आवाज आला. झाकणातलं हवेचं छिद्र काळ्या मातीने बुजलेलं. पंप डिझेल ओढतो, त्या जागी हवा आत जायला वाट नाही, मग टाकीत व्हॅक्यूम धरतं आणि डिझेल येईनासं होतं. टाकी भरलेली असली की वरची रिकामी जागा कमी, म्हणून व्हॅक्यूम लवकर धरतं. झाकण धुतलं, बंद पडणं थांबलं. ईजीआरचा कोड मात्र खराच होता. तो वेगळा आजार होता आणि त्याचा या बंद पडण्याशी संबंध नव्हता.

म्हणून दोन तक्रारी दोन ओळींत लिहा. एकाच दोरीने बांधू नका.

मग सुरुवात कुठून करायची?

गाडी बंद कशी पडते, इथून. स्कॅनर लावायच्याही आधी मी हेच विचारतो आणि दहापैकी सात ड्रायव्हर सांगतात, "पडते बंद, अजून काय!" त्यांना मी परत पाठवतो आणि पुढच्या वेळी लक्ष ठेवायला सांगतो.

पहिली गोष्ट : चावी फिरवल्यासारखी झटक्यात बंद पडते की आचके देत, दम खात, मिसिंग मारत बंद पडते? झटक्यात बंद पडली तर आधी करंटकडे बघायचं : सेन्सर, रिले, फ्यूज, अर्थिंग, इग्निशन स्विच. आचके देत बंद पडली तर आधी डिझेलकडे : फिल्टर, पाणी, हवा, पंप. हा नियम शंभर टक्के नाही, पण अर्धं काम इथेच होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे बंद पडल्या क्षणी मीटर काय दाखवतं. सगळ्याच लाईटा, काटे, हॉर्न एकदम गेले तर गाडीचा मेन सप्लाय तुटतो आहे. बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूज, इग्निशन स्विच बघा. बॅटरीची आणि ऑइलची लाईट लागली, म्हणजे नुसती चावी ऑन असताना दिसतं तसं दिसलं, तर सप्लाय आहे, इंजिनच थांबलं आहे.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. ज्या गाडीत आरपीएमचा काटा आहे तिथे, गिअरमध्ये चालत असताना इंजिन मेलं आणि क्लच दाबलेला नसला, तर चाकं इंजिनला फिरवत राहतात. त्या दोन-चार सेकंदांत काटा हळूहळू खाली येत असेल तर क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतं आहे हे सांगणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल ईसीएमपर्यंत पोचतो आहे, डिझेलकडे जा. गाडी पळते आहे आणि काटा धाडकन शून्यावर पडला, तर सिग्नल तुटला. काटा नसेल तर स्कॅनरच्या लाईव्ह डेटात हेच दिसतं.

बाकी एका वहीत लिहून ठेवा : इंजिन थंड होतं की तापलेलं, गाडी रिकामी की भरलेली, टाकी किती, खड्डा लागला होता का, आदल्या रात्री पाऊस होता का, आणि पुन्हा चालू व्हायला किती वेळ लागला. पोराच्या जुन्या वहीची चार पानं पुरतात.

तापली की बंद पडते, झाडाखाली अर्धा तास उभी केली की आपोआप चालू होते. काऊन?

या वर्णनावर माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर जातो. फ्लायव्हीलजवळ किंवा पुढे पुलीजवळ बसवलेला हा लहान सेन्सर इंजिन फिरतं आहे की नाही आणि पिस्टन कुठे आहे ते ईसीएमला सांगतो. त्याचा सिग्नल गेला की ईसीएमच्या दृष्टीने इंजिन थांबलेलं असतं, म्हणून तो इंजेक्शन बंद करतो. सेन्सरच्या आतल्या बारीक तारेला तडा असला तर उष्णतेने ती प्रसरण पावून सुटते आणि थंड झाली की परत टेकते. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बोनेटखाली काय होत असेल याचा अंदाज करा. डिसेंबरात हीच गाडी तक्रारीशिवाय धावते आणि मालकाला वाटतं, दुरुस्त झाली.

खात्री करायची तर गाडी बंद पडलेली असतानाच करायची. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा. स्टार्टर फिरतो आहे आणि आरपीएम शून्य, तर सिग्नल नाही. स्कॅनर नसेल तर हात पोचत असल्यास सेन्सरवर ओलं फडकं पाच मिनिटं धरा. लगेच चालू झाली तर संशय पक्का. बादलीने पाणी ओतू नका, तापलेल्या लोखंडावर गार पाणी टाकून नवा खर्च उभा राहतो.

सेन्सर बदलण्याआधी तीन मिनिटं त्याच्या जोडाकडे द्या. पिन सैल आहे का, वायर सायलेन्सरला टेकून भाजली आहे का, सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला आहे का. कीस पुसून गाडी चालू झाल्याची उदाहरणं आहेत. बदलायचा ठरला तर स्वस्तातला डुप्लिकेट घेऊ नका. नवा डुप्लिकेट सेन्सर खराब निघाला की माणूस सेन्सरवरचा संशयच काढून टाकतो आणि भलतीकडे शोधत बसतो.

आचके देऊन बंद पडते. फिल्टर तर मागच्याच महिन्यात बदलला.

डिझेल कुठून भरता?

आमच्याकडे ट्रॅक्टरसाठी ड्रमात डिझेल आणून ठेवायची पद्धत आहे. घाईच्या दिवसांत त्याच ड्रममधून पिकअपमध्ये दोन कॅन ओतले जातात. ड्रम उघड्यावर, दिवसा तापतो, रात्री निवतो, आतल्या ओलाव्याचं पाणी होऊन तळाशी बसतं. वर पत्र्याचा गंज आणि धूळ. जुन्या पंपाच्या गाडीने हे पचवलं असतं. कॉमन रेलमध्ये हजार ते दोन हजार बारपर्यंत प्रेशर चालतं आणि इंजेक्टरमधली जागा केसापेक्षा बारीक असते. एक महिन्याचा फिल्टरही अशा दोन कॅनमध्ये चोक होतो.

फिल्टरच्या खालचा पाणी काढायचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसला, किंवा डिझेल गढूळ दिसलं, तर टाकी खाली करून धुवायची. नुसता फिल्टर बदलून पंधरा दिवस मिळतात.

फिल्टर आणि डिझेल स्वच्छ असेल तर हवा शोधा. टाकी ते फिल्टर या भागात पंप डिझेल ओढतो, त्यामुळे पाइपाला भेग असली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं. सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो, फिल्टरजवळचा डिझेल ओढायचा हातपंप दाबला की घट्ट व्हायला वेळ लागतो, ही त्याची लक्षणं. फिल्टरनंतरच्या कमी प्रेशरच्या पाइपात तात्पुरता पारदर्शक तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. बॅन्जो बोल्टचे (डिझेलचा पाइप जोडायच्या पोकळ बोल्टचे) जुनेच वॉशर पुन्हा वापरले, फिल्टरची रबरी रिंग वाकडी बसली, हातपंपाचा रबर वाळला : बहुतेक वेळा यातलंच काहीतरी निघतं.

एवढं करून झालं नाही तरच स्कॅनरवर रेल प्रेशर बघा. ईसीएमने मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर असे दोन आकडे दिसतात. गाडी भरून चढावर नेताना मागणी वर जाते आणि मिळणारं प्रेशर मागे राहतं, तर कमतरता खरी आहे. मग इंजेक्टरच्या रिटर्न पाइपांना बाटल्या लावून कोणता इंजेक्टर जास्त डिझेल परत पाठवतो ते मोजतात. पंप उतरवायचा निर्णय याच्यानंतरचा.

आमचा जुना मिस्त्री इंजेक्टरचा नट ढिला करून एअर काढतो. चालेल का?

कॉमन रेल गाडीवर अजिबात नाही. त्या प्रेशरची डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. जखम टोचल्यासारखी लहान दिसते आणि हात कापावा लागण्यापर्यंत पाळी येऊ शकते. असं कुणाला झालं तर दुखत नसलं तरी तासाभरात मोठ्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना डिझेलची धार लागली असं स्पष्ट सांगा. एअर हातपंपाने, फिल्टरच्या बाजूने काढायची.

स्कॅनर कोणता घ्यावा? मोबाइलवाला चालतो का?

डॅशबोर्डखाली ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ १६ पिनचं सॉकेट असतं, तिथे ब्लूटूथचं लहान यंत्र लावून मोबाइलवर कोड वाचता येतात. सर्वसाधारण कोड, आरपीएम, टेंपरेचर, व्होल्टेज एवढ्यासाठी ते पुरतं. कंपनीचे खास कोड, इंजेक्टरचे आकडे किंवा डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेतली काजळीची गाळणी) साफ करायची आज्ञा द्यायला मोठा स्कॅनर लागतो. जुन्या गाड्यांत मोबाइलवाल्याला सगळं दिसेलच असं नाही. यंत्राचा दिवाच लागला नाही तर आधी फ्यूज बघा, सॉकेटला करंट नसतो.

कोड दिसला की पुसायची घाई करू नका. आधी फोटो काढा. कोडसोबत फ्रीझ फ्रेम नावाची नोंद असते : दोष आला तेव्हा वेग किती, इंजिन किती तापलेलं, आरपीएम किती. तुमच्या वहीतली नोंद आणि ही नोंद जुळवून बघा. पुसलं की ही नोंदही जाते.

आमच्याकडे नेहमी भेटणारे कोड सांगतो. पी ००८७ म्हणजे रेलमध्ये प्रेशर कमी. पी ०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, पी ०३४० कॅम सेन्सरचा. पी ०४०१ म्हणजे ईजीआरमधून पुरेसा धूर फिरत नाही. पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, आणि हा बाकीच्या कोडांबरोबर आला तर आधी हाच धरायचा, कारण करंट कमी पडला की बाकीचे सेन्सर खोटं बोलायला लागतात. एकदम चार-पाच सेन्सरचे कोड आले तर चार-पाच सेन्सर एकाच दिवशी मेले असं समजू नका. बऱ्याच सेन्सरना ईसीएमकडून पाच व्होल्टचा सामाईक सप्लाय जातो. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळ्यांचा सप्लाय पडतो. एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत जा. ज्याचा काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, तिथे दोष.

बॅटरीचा पोल काढला की लाईट विझते. मग झालं ना काम?

दोष तसाच राहतो, पुरावा पुसला जातो. दुरुस्ती खरी झाली असेल तर साधारणपणे लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की लाईट स्वतःच विझते.

आणि इंजिन चालू असताना पोल काढून अल्टरनेटर तपासायची जुनी सवय सोडा. त्या झटक्यात ईसीएम जाऊ शकतो.

सेन्सर बदलले, फिल्टर बदलला, तरी तेच. आता काय?

अर्थिंग. ही गोष्ट मला माझ्याच गाडीने शिकवली आणि चांगली महाग शिकवली. माझी स्वतःची पिकअप खड्ड्यात आपटली की झटक्यात बंद पडायची. मी जाणकार, त्यामुळे विचार न करता क्रँक सेन्सर बदलला. आठ दिवसांनी तेच, म्हणून दुसरा आणला. तिसऱ्यांदा बंद पडली ती पावसात, रात्री, आणि मी खाली झोपून टॉर्च मारला तर गिअरबॉक्सपासून चेसिसला येणारी अर्थिंगची जाड पट्टी नुसती चिखलाच्या आधाराने लटकलेली. बोल्ट गंजून गेलेला. दुकानात पोरांनी ही गोष्ट अजून विसरू दिलेली नाही.

मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ मिळायला हवं. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी किंवा जोड कमजोर. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस पोलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि हेडलाईट, ब्लोअर सगळं लावून बघा. काट्यावर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग साफ करून, घासून, घट्ट करा.

आणखी एक विचारायचं राहतं : मधल्या काळात डाल्यावर, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागावर, वेल्डिंग केलं का? कापूस जास्त बसावा म्हणून हंगामाआधी लोक मागे लोखंडी जाळी चढवून घेतात. वेल्डिंग करताना बॅटरीचे दोन्ही पोल आणि ईसीएमचा कनेक्टर काढला नाही, तर करंट भलत्या वाटेने जातो. "जाळी बसवल्यापासून त्रास आहे" हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे, तेही सगळं तपासून झाल्यावर, जाता जाता. जास्तीचे दिवे, डेक, हॉर्न कुठून जोडले आहेत तेही बघा. ईसीएमच्या वायरला चिमटा लावून डेक वाजवणारे महाभाग आहेत.

उंदरांनी वायर कुरतडली हे कसं ओळखायचं?

बोनेट उघडा आणि नाक वापरा. मुताचा वास, लेंड्या, कापसाचे पुंजके, सोयाबीनचं भुस्कट इंजिनवर दिसलं तर शोध सुरू करा. गोठ्याशेजारी किंवा कापूस साठवलेल्या खोलीला लागून गाडी उभी राहते, रात्री इंजिन कोमट असतं, उंदराला तेवढंच पाहिजे. सगळी वायर तुटली तर बरं, दोष सापडतो. अर्धवट कुरतडलेल्या दोन तारा कधी टेकतात, कधी सुटतात. असा दोष काढताना इंजिन चालू ठेवून वायरचा जुडगा इंचाइंचाने हलवत जायचं. जिथे हलवल्यावर इंजिन अडखळतं तिथे टेप सोडवायचा. तुकडा जोडताना सोल्डरिंगचा डाग द्या, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा होतो.

ईजीआर पत्रा लावून बंद करून टाकला तर?

बरेच जण करतात, आणि मिस्त्रीही सुचवतात. ईजीआर धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवून त्यातले नायट्रोजनचे विषारी वायू कमी करतो. काजळीने तो उघडाच अडकला तर स्लोवर गाडी धडधडते, काळा धूर येतो, सिग्नलवर किंवा फाट्यावर थांबली की बंद पडते. वेगात मात्र ठीक चालते, ही त्याची खूण. पत्रा लावल्याने बंद पडणं थांबेलही. पण ईसीएम प्रवाह मोजत असतो, त्यामुळे चेक लाईट कायमची लागते आणि उद्या दुसरा खरा दोष आला तर तुम्हाला कळायला काही राहत नाही. शिवाय प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकणं बेकायदा आहे. उतरवून साफ करा, झडप हाताने हलते का बघा, मोटर मेली असेल तर बदला. आणि धूर जास्त का येतो तेही शोधा, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा तेवढीच काजळी.

बीएस ६ गाडीत डीपीएफची लाईट लागते, मग ताकद जाते. हे काय प्रकरण?

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हा गाड्यांच्या धुराचा नियम लागू झाला, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी आली. साचलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, त्यासाठी धूर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवावा लागतो. हे काम गाडी सलग वेगात चालली तर होतं. शेत ते गाव, गाव ते बाजार, दूध डेअरी, पुन्हा घर, अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ते दरवेळी अर्धवट राहतं. काजळी वाढली की पी २४६३ सारखा कोड येतो, ईसीएम ताकद कमी करतो.

लाईट नुसतीच लागली असेल तर मोकळ्या हमरस्त्यावर वीसेक मिनिटं खालच्या गिअरात, आरपीएम जरा वर ठेवून चालवा. गाडीच्या पुस्तकात नेमका वेग दिलेला असतो. ताकद गेली असेल तर मोठ्या स्कॅनरवाल्याकडेच जा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गाळणी जळत असताना सायलेन्सर भयंकर तापतो. तेव्हा गाडी वाळल्या गवतावर, कुटारावर, कडब्याजवळ किंवा सांडलेल्या कापसावर उभी करू नका. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. अर्धवट राहिलेल्या जाळण्यातलं डिझेल ऑइलमध्ये उतरलेलं असतं. ऑइल बदला, आणि ते पुस्तकात सांगितलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच.

घाटात दम टाकते पण बंद पडत नाही. हाच आजार आहे का?

परतवाड्याहून चिखलदऱ्याला भरलेली गाडी चढवणारे हे विचारतात. ताकद जाणं आणि बंद पडणं वेगळं. टर्बोचा पाइप निसटलेला किंवा फाटलेला, एअर फिल्टर धुळीने भरलेला, डिझेल फिल्टर चोक, या क्रमाने बघा. शिट्टीसारखा आवाज आणि काळा धूर सोबत असेल तर पाइपच. एअर फिल्टर झटकून परत बसवायचा प्रकार कच्च्या रस्त्याच्या गाडीला चालत नाही.

पेट्रोल किंवा सीएनजी पिकअपला काय वेगळं?

तिथे प्लग, कॉइल, थ्रॉटल बॉडीची काजळी आणि टाकीतला पंप आधी बघतात. चेक लाईट लुकलुकत असेल तर पेट्रोल गाडीत बहुधा मिसिंग चालू असतं आणि न जळलेल्या इंधनाने कॅटलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा डबा) जळतो, त्यामुळे लोड उतरवा, सावकाश जवळच्या दुकानापर्यंतच न्या. सीएनजीवर बंद पडते आणि पेट्रोलवर चालते, तर गॅसचा फिल्टर आणि रेग्युलेटर.

नाल्याच्या पाण्यातून काढली, आता सेल्फच लागत नाही.

सेल्फ मारणं थांबवा. एअर फिल्टर उघडून आत पाणी आहे का बघा. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. फिल्टर कोरडा असेल तर कनेक्टर उघडून वाळवा, पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी असेल तर साफ करा.

रस्त्यात बंद पडली, मागे माल आहे, मिस्त्री सकाळपर्यंत येत नाही.

आधी गाडी कडेला, चारही इंडिकेटर चालू, त्रिकोण मागे. समृद्धी महामार्गावर असाल तर माणसं गाडीत किंवा गाडीमागे उभी ठेवू नका, रेलिंगच्या पलीकडे न्या. मग बॅटरीचे टर्मिनल हाताने हलवून बघा, टाकीचं झाकण उघडून 'सुस्स' ऐका, हातपंप घट्ट होईपर्यंत दाबा, फिल्टरचं पाणी सोडा. फ्यूजच्या डब्यात सारख्या नंबरचा हॉर्नचा रिले असेल तर तो इंजिनच्या रिलेच्या जागी लावून बघा. इंजिन तापलेलं असेल तर बोनेट उघडून अर्धा तास थांबा. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून करंट द्यायला हरकत नाही. मोठ्या ट्रकच्या २४ व्होल्टवरून देऊ नका, एका झटक्यात ईसीएम जातो.

जुनी पिकअप घेतो आहे, लाईट लागत नाही म्हणजे गाडी चांगली ना?

चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका, आणि मीटरकडे बघा. इंजिनच्या चित्राची लाईट लागलीच पाहिजे. तेव्हाही लागली नाही तर कुणीतरी बल्ब काढला आहे, किंवा आत काळा टेप लावला आहे, किंवा तिची वायर दुसऱ्या लाईटीला जोडली आहे. मी एका गाडीत ती ऑइलच्या लाईटीसोबत लागून सोबत विझताना पाहिली आहे, वायरिंगचं काम मोठं सुबक होतं.